सेटल–कार्लाइलच्या चढावर स्टीम इंजिनचं प्रेशर टिकत नाही, काय करू?

धुरांडे_पुणे

नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत ओपन रेल्समध्ये (रेल्वे चालवायच्या सिम्युलेटरमध्ये) डिझेल आणि इलेक्ट्रिकच चालवत होतो. नॉच वाढवला की गाडी पळणार, ब्रेक लावला की थांबणार, डोक्याला ताप नाही. मध्यंतरी एका मित्राच्या माळ्यावर मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या जुन्या सीड्या सापडल्या. गेम २००१ चा, पण त्यातले मार्ग ओपन रेल्समध्ये व्यवस्थित उघडतात. त्यात उत्तर इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल मार्ग आहे आणि त्यावर चालवायला फ्लाइंग स्कॉट्समन हे स्टीम इंजिन. म्हटलं, आता हेच शिकायचं.

तर रड अशी आहे. सेटलला उभा असतो तेव्हा प्रेशर २२० पौंडांवर (दर चौरस इंचाला) जाऊन सेफ्टी व्हॉल्व्ह सारखे उडत असतात, म्हणजे वाफ भरपूर आहे. निघताना चाकं जागेवरच गरगर फिरतात. कसाबसा निघालो की हॉर्टनपर्यंत झकास. तिथून पुढं काटा जो घसरायला लागतो तो थांबतच नाही. रिबलहेडच्या पुलावर १३० पौंड, आणि ब्ली मूरच्या बोगद्याच्या अलीकडं गाडी उभी. मागे डबे फक्त आठ!

माझी पद्धत सांगतो. रेग्युलेटर (सिलिंडरकडं वाफ सोडायची झडप) पूर्ण उघडा, रिव्हर्सर (पिस्टनच्या धावेत वाफ किती वेळ आत घ्यायची ते ठरवणारा) ६० टक्क्यांच्या आसपास, कारण त्याखाली आणला की वेग पडायला लागतो. भट्टीचं दार उघडं ठेवून कोळसा टाकत राहतो. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी तळाला गेलं की इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र. फायरमन, म्हणजे कोळसा-पाणी बघणारा, मुद्दाम मॅन्युअल ठेवलाय, नाहीतर मजा काय राहिली? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कुणी मराठीत नीट समजावेल का?

कर्जत_बँकर

ऑटो फायरमन लावा, विषय संपला. तरी नाही चढली तर मागून आणखी एक इंजिन जोडा. आमच्या बोरघाटात १:३७ चा (३७ फुटांत एक फूट) चढ आहे, तिथं मागून बँकर लावायला कुणाला लाज वाटत नाही. १:१०० ला काय घाबरताय राव!

बॉयलरवाला

कर्जतकर, शिकायचं म्हणतायत तर शिकू द्या की त्यांना.

मी कोल्हापूर जिल्ह्यात एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहे. गळीत हंगामात मान वर करायला फुरसत नसते, पण कारखाना बंद असला की रात्री हा उद्योग चालतो. आमचा बॉयलर ४५ किलो दाबाचा (दर चौरस सेंटिमीटरला), बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर चालतो. तुमच्या स्कॉट्समनचे २२० पौंड म्हणजे जेमतेम साडेपंधरा किलो. पण वाफेचे नियम कारखान्यात एक आणि इंजिनात दुसरे असं नसतं. त्यामुळं मी ड्रायव्हरच्या नाही, फायरमनच्या बाजूनं सांगतो.

तुमची गाडी ब्ली मूरला थांबते, पण घोटाळा सेटलच्या फलाटावरच झालेला असतो. सेफ्टी उडतीय आणि काचेत पाणी कमी, या दोन गोष्टी एकाच वेळी कधी होऊ द्यायच्या नाहीत. सेफ्टी उडतीय म्हणजे जाळलेला कोळसा आभाळात चाललाय. त्याच वेळी इंजेक्टर लावा. पाणी आत जाईल, काटा थोडा खाली बसेल, सेफ्टी गप्प होईल आणि ती उष्णता पाण्यात साठून राहील. आमच्याकडं नवीन पोरांनाही हे पटायला वेळ लागतो. बॉयलरची खरी शिल्लक वाफेत नसते, तापलेल्या पाण्यात असते. २२० पौंडांना ते पाणी २०० अंशांच्या थोडं वर असतं, उकळायला टपलेलं, फक्त दाबानं धरून ठेवलेलं. प्रेशर जरा पडलं की त्यातलं थोडं पाणी आपसूक वाफ होतं आणि तुम्हाला सावरून धरतं. १३० पौंडांवर तेच पाणी १८० अंशांपर्यंत उतरलेलं असतं. म्हणजे रिबलहेडला येईपर्यंत तुम्ही मुद्दल खाऊन बसलेले असता. आता तिथं कितीही कोळसा टाका, आधी ते सगळं पाणी परत तापवायचं आणि वर गाडीही ओढायची, दोन्ही कसं जमणार?

म्हणून सेटल सोडताना काचेत पाणी पाऊण किंवा थोडं वर, आणि काटा २१० ते २२० च्या मधे. काठोकाठ मात्र भरू नका. वर वाफेला जागा राहिली नाही की पाणीच उचलून सिलिंडरकडं जातं. त्याला प्रायमिंग म्हणतात आणि ओपन रेल्स तसा इशाराही देतं. खऱ्या इंजिनात यानं सिलिंडरचं झाकण उडू शकतं, कारण वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही.

तुम्ही इंजेक्टर लावता तो पाणी तळाला गेल्यावर, म्हणजे ऐन चढावर. उकळत्या आमटीत तांब्याभर गार पाणी ओतल्यावर जे होतं तेच तिथं होतं. चढावर पाणी द्यावं लागतंच, त्याला इलाज नाही, पण ते बारीक धारेनं आणि सतत द्यायचं. आधी भरून ठेवलेलं असेल तरच तशी चैन परवडते.

आता जाळ. भट्टीचं दार उघडं ठेवणं आधी बंद करा. उघड्या दारातून गार हवा जाळावरून सरळ नळ्यांत घुसते आणि तुम्ही कोळसा टाकून जेवढं कमावता त्यातलं बरंच तिथं जातं. दार उघडा, थोडा कोळसा टाका, दार लावा, थांबा. परत थोडा. ताजा कोळसा पडला की जाळ आधी मंदावतो, मग पेटतो. एकदम ढीग टाकलात तर जाळ दबतो आणि काटा पडायला लागतो. काटा पडतोय म्हणून घाबरून तुम्ही आणखी टाकता. तुमचं हॉर्टनच्या पुढं हेच चाललंय असं मला वाटतं. सेटलला उभे असतानाच जाळ जाड आणि लालबुंद करून ठेवा. ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडणारा) थोडा चालू ठेवा, कारण उभ्या इंजिनात जाळाला हवा ओढायला दुसरं काही नसतं. आमच्याकडं त्यासाठी मोठमोठे पंखे असतात. इंजिनात सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून जोरात वर जाते, तीच जाळातून हवा खेचते. म्हणजे इंजिन जेवढं राबेल तेवढा जाळ आपोआप भडकतो. अर्थात खाली जाळ असायला पाहिजे.

रिव्हर्सरचं गणित मात्र एकदा नीट डोक्यात घ्या. या इंजिनात पिस्टनची धाव २६ इंच. रिव्हर्सर ६० टक्क्यांवर म्हणजे साडेपंधरा इंचांपर्यंत बॉयलरची वाफ आत येतच राहते आणि नंतर भरपूर दम शिल्लक असताना धुराड्यातून निघून जाते. २५ टक्क्यांवर साडेसहा इंचांनंतर झडप बंद. पुढचं अंतर तीच कोंडलेली वाफ फुगत पिस्टन ढकलते, फुकटात. सिलिंडर तीन, प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात सहा वेळा भरणं. ६ फूट ८ इंचांचं चाक ताशी ३० मैलांना सेकंदाला दोनपेक्षा थोडे जास्त फेरे घेतं. सेकंदाला बारा वेळा साडेपंधरा इंच वाफ ओतायची की साडेसहा, ते तुम्हीच ठरवा.

एफ-५ दाबून माहितीची पाटी उघडा. त्यात वाफेचा वापर किती आणि बॉयलर बनवतोय किती, दोन्ही आकडे दिसतात. स्पीडोमीटरपेक्षा माझी नजर त्या दोन आकड्यांवर असते. वापर वर गेला की रिव्हर्सर एक-दोन टक्के मागे घ्यायचा. वेग पडतो म्हणता ना? पडू द्या. आठ डबे घेऊन त्या चढावर ताशी ३० मैलांच्या आसपास स्थिर चाललात, रिव्हर्सर २५ ते ३० मधे, तर बिघडलं काय? तुम्ही हॉर्टनपर्यंत ४०-४५ नं पळता आणि त्याचं बिल ब्ली मूरला येतं.

राहिली चाकं फिरण्याची गोष्ट. सेटल स्टेशनच मुळात चढावर आहे. रिव्हर्सर पूर्ण पुढं, सिलिंडर कॉक (साचलेलं पाणी सोडायच्या तोट्या) उघडे, वाळू चालू, मग रेग्युलेटर अगदी थोडा. आणि इथं हात आवरायचा. रेग्युलेटर उघडल्यापासून वाफ सिलिंडरपर्यंत पोचून दाब चढायला दोन-चार सेकंद जातात. गाडी हलत नाही म्हणून माणूस आणखी उघडतो, मग सगळी वाफ एकदम पोचते आणि चाक सुटतं. सुटलंच तर आधी रेग्युलेटर बंद, चाक शांत होऊ द्या, मग परत. फिरत्या चाकाखाली वाळू सोडायची नसते, अचानक पकड मिळाली की दांड्यांवर हिसका बसतो. गेममध्ये दांडा वाकणार नाही म्हणा, पण सवय चांगली लागलेली बरी.

लीड्सकर

बॉयलरवाल्यांनी फायरमनची बाजू झकास सांगितली. मी नोकरीनिमित्त लीड्सला राहतो. हा मार्ग आमच्या स्टेशनवरूनच जातो, त्यामुळं थोडी भर घालतो.

सेटल जंक्शनपासून ब्ली मूरपर्यंतच्या या चढाला इथं 'लाँग ड्रॅग' म्हणतात, सुमारे १५ मैल, बहुतेक १:१०० चा. मिडलंड रेल्वेनं १८७६ मध्ये त्यावर प्रवासी गाड्या सुरू केल्या. रिबलहेड स्टेशनवर उतरलात की समोर २४ कमानींचा पूल दिसतो, आणि मी गेलोय तेव्हा बहुतेक वेळा पाऊस आणि कान बधिर करणारा वारा. गेममध्ये हवामान बदलून पाऊस लावा, मग कळेल. रूळ ओले झाले की चाक निघतानाच नाही, चढाच्या मध्यातही सुटतं. ब्ली मूर बोगदा २,६२९ यार्डांचा, आत पाणी ठिबकत असतं. स्टीमच्या खास गाड्या अजूनही इथून जातात. पुलाखालच्या रस्त्यावर उभं राहून ऐकलं तर चढणाऱ्या इंजिनाचा प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो. मधेच ठोके एकदम घाईघाईनं पडले की समजायचं, चाक सुटलं. गेममध्येही डोळ्यांआधी कानाला कळतं, हेडफोन लावून चालवा.

एक गोष्ट मात्र पटली नाही. रेग्युलेटर पूर्ण उघडा आणि सगळा हिशोब रिव्हर्सरवर, असं धुरांडे करतायत आणि तुम्हीही त्याला हरकत घेतलेली नाही. इंग्लंडमध्ये यावर ड्रायव्हरांत सरळ दोन तट होते. बरेच जण रेग्युलेटर अर्धाच ठेवून रिव्हर्सर जरा लांब ठेवायचे, आणि त्यांच्या गाड्याही वेळेवर पोचायच्या. ओल्या रुळांवर मला तीच पद्धत सोपी जाते, कारण चाक सुटायच्या बेतात आलं की रेग्युलेटर पटकन मागे घेता येतो.

आणि धुरांडे, चढावर प्रेशर संपून गाडी अडकणं फक्त तुमच्याच नशिबी आलेलं नाही. याच मार्गावर एस गिलच्या माथ्याजवळ २ सप्टेंबर १९१३ च्या पहाटे असंच झालं होतं. कार्लाइलहून लंडनला निघालेली गाडी, इंजिनाला एकट्यानं ओढायची मर्यादा २३० टन, मागे २४३. त्यात मिळालेला कोळसा बारीक, न चाळलेला. वाफ टिकेना, आणि माथा अर्धा मैल राहिला असताना गाडी उभी राहिली. मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर चालत्या इंजिनाच्या बाहेरच्या बाजूनं तेल घालायला गेला होता. तो परत आला तर इंजेक्टर नीट चालेना, तो आणि फायरमन दोघंही त्यातच गुंतले. सिग्नल कुणी पाहिलेच नाहीत. टक्कर झाली, आग लागली, १६ माणसं गेली. म्हणून इंजेक्टर आणि भट्टीशी खेळताना समोर बघायलाही वेळ उरला पाहिजे. मॅन्युअल फायरमन ठेवून एकट्यानं दोन माणसांचं काम करायचं तर आधी सिग्नल कुठं कुठं आहेत ते पाठ करा.

बॉयलरवाला

लीड्सकर, एस गिलचं माहीत नव्हतं, वाचून अंगावर काटा आला. इंजेक्टर पकडत नसला की माणसाला दुसरं काही सुचत नाही, हे अगदी खरं. आमचा फीड पंप ट्रिप झाला की शिफ्टमधले सगळे तिकडंच धावतात. म्हणून आमच्याकडं नियमच आहे, एकानं काचेसमोरून हलायचं नाही.

रेग्युलेटरबद्दल अर्धं मान्य. ओल्या रुळांवर तुमची पद्धत बरोबर. पण कोरड्या रुळांवर, गाडी एकदा २० मैलांच्या पुढं गेली की मी रेग्युलेटर मोठाच ठेवणार. अर्धवट उघड्या झडपेतून वाफ जाताना दाब वाटेतच खर्च होतो, तो दाब सिलिंडरपर्यंत गेलेला मला जास्त आवडतो. बाकी ज्याचा त्याचा हात.

माथ्याबद्दल मात्र सांगायचं राहिलं. आमचा बॉयलर जमिनीला बांधलेला, तो कलत नाही. इंजिनाचा कलतो, आणि त्याची भट्टी मागच्या टोकाला असते. चढताना पाणी मागे, भट्टीवर येतं, काच भरलेली दिसते. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढं धावतं. पाण्याची लांबी ९ मीटर धरली तर १:१०० वर दोन टोकांत ९ सेंटिमीटरचा फरक, आणि उतारावर तो उलटा. म्हणजे चढावर काचेत अर्धं दिसणारं पाणी माथ्यापलीकडं पार खाली गेलेलं दिसणार. भट्टीचं छत उघडं पडलं तर धातू मऊ होतो. त्याआधी फ्यूजिबल प्लग वितळून वाफ भट्टीत सोडतो. गेममध्येही प्लग गेला की खेळ संपला समजा. ब्ली मूरच्या बोगद्यात शिरतानाच पाण्याकडं एक नजर टाका, चढ त्या बोगद्याच्या आतच संपतो. पलीकडं वाफेची गरज कमी होते, तेव्हा इंजेक्टर मोकळ्या हातानं लावा.

आणि रेग्युलेटर बंद करायच्या आधी ब्लोअर उघडा, नंतर नाही. रेग्युलेटर बंद झाला की धुराड्यातला झोत थांबतो आणि जाळ दारातून उलटा कॅबमध्ये येतो. बोगद्यात तर हमखास. खऱ्या इंजिनांवर यानं माणसं भाजलीत.

धुरांडे_पुणे

दादा, कमाल! काल रात्री सेटलला उभ्या उभ्या पाणी भरलं, जाळ चढवला, आणि रिव्हर्सर हॉर्टनच्या आधीच २८ वर आणला. वेग २९-३० वर अडकून बसला, मन फार चुळबुळत होतं, पण हात आवरला. रिबलहेडला काटा २०५! ब्ली मूर पार करून डेंट, मग एस गिल. बोगद्यातून बाहेर आल्यावर काचेतलं पाणी पाहून घाबरलो होतो, पण तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून शांतपणे इंजेक्टर लावला.

आता नवीन संकट. एस गिलच्या पुढं कर्बी स्टीफनकडं उतार लागतो, तिथं ब्रेक लावतो तर गाडी एकदम रांगायला लागते, सोडतो तर सुटतच नाही. ॲपलबीला फलाटाच्या बरीच अलीकडं थांबलो आणि परत निघायला युगं लागली.

लीड्सकर

अभिनंदन! ब्रेकचं मी सांगतो. हा व्हॅक्यूम ब्रेक आहे, डिझेलच्या एअर ब्रेकची सवय इथं नडते. नळीत २१ इंच व्हॅक्यूम असला की ब्रेक सुटलेले, हवा आत सोडली की लागतात. सोडायचे म्हणजे इजेक्टरनं सगळ्या डब्यांच्या नळीतली हवा परत ओढून काढायची. आठ डब्यांना ते झटक्यात होत नाही. त्यामुळं शून्यावर नेऊ नका. २१ वरून १५-१६ पर्यंत आणा, थांबा, परिणाम दिसू द्या. उतारावर सारखं लावणं-सोडणं करण्यापेक्षा एकदा थोडा लावून तसाच धरून ठेवा. ॲपलबीला थांबताना शेवटच्या काही मीटरांत व्हॅक्यूम चढायला लावा, म्हणजे गाडी धक्का न देता उभी राहते आणि परत निघताना वाट बघावी लागत नाही. मोठा इजेक्टर वाफ भरपूर खातो, काम झालं की बंद करा.

बॉयलरवाला

त्यात एवढंच घाला: उतारावर रेग्युलेटर पूर्ण बंद करून रिव्हर्सर २५ वर ठेवू नका. ४५ च्या आसपास न्या आणि रेग्युलेटर किंचित उघडा ठेवा. पिस्टन कोरडे पळत नाहीत आणि धुराड्यातली राख सिलिंडरमध्ये ओढली जात नाही.

ॲपलबीला टेंडरमधलं (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यातलं) पाणी बघून घ्या. टेंडर ५,००० गॅलनचं आहे खरं, पण चढावर किती गेलं ते पाटीवर दिसेलच. इथवर नीट आलात की डबे दहा करा आणि पाऊस लावा. उलट बाजूनंही, कार्लाइलहून सेटलकडं चालवून बघा. एस गिलचा चढ तिकडून जास्त त्रास देतो. मला अजून तिथं पाऊस लावून दहा डबे २५ टक्क्यांवर नेता आलेले नाहीत, तुम्हाला जमलं तर रिव्हर्सर आणि वेगाचे आकडे इथं टाका.